एनडीआयएसचा ‘एकरकमी निधी’ : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

एनडीआयएस म्हणजे अपंगत्व असलेल्यांना लागणाऱ्या मदतीसाठी निधी देणारी ऑस्ट्रेलियाची सरकारी योजना. तिच्याबद्दल तिथल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘एनडीआयएसमध्ये नाव लागलं की सुरुवातीलाच मोठी रक्कम खात्यात जमा होते, कशालाही वापरा.’ हे खरं नाही.

व्हीलचेअर, घरातले बदल अशा एकदाच लागणाऱ्या गोष्टींसाठी प्लॅनमध्ये (म्हणजे त्या व्यक्तीसाठी मंजूर झालेल्या मदतीच्या आराखड्यात) ‘कॅपिटल’ नावाचा वेगळा निधी असतो. तो ज्यासाठी मंजूर झाला, त्यावरच खर्च करायचा. समजा, न्हाणीघराच्या उंबऱ्याला व्हीलचेअरचं पुढचं चाक अडतं, म्हणून उंबरा काढायला पैसे मिळाले. त्यातून मदतनीसाचे तास वाढवता येत नाहीत. मोठ्या कामाआधी बहुधा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामं जमावीत म्हणून उपाय सुचवणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल लागतो. रोजचा किराणा तर यात बसतच नाही.

उत्पन्नाची अट मात्र नाही. ‘आमचा पगार बरा आहे, आम्हाला काय मिळणार’ म्हणून कृपा करून मागे राहू नका. अर्ज वयाची ६५ वर्षं पूर्ण होण्याआधी करावा लागतो. स्टुडंट व्हिसावर असणाऱ्यांना तो करता येत नाही.

मेसेजच्या भरवशावर एखादी आई उद्या रॅम्पचं काम काढेल, याची मला खरी काळजी वाटते. मंजुरी हातात येईपर्यंत कंत्राटदाराला आगाऊ पैसे देऊ नका.