वॅगन मास्टर : बियाण्याच्या गाडीचा सिनेमा

अमेरिकी दिग्दर्शक जॉन फोर्डचा विषय निघाला की बोलणं 'द सर्चर्स'वर जातं, तिथून त्याचा लाडका नट जॉन वेनवर, आणि तिथेच अडकतं. १९५०चा 'वॅगन मास्टर' कुणाच्या तोंडी येत नाही. त्यात वेन नाही, रंग नाहीत, लांबी जेमतेम दीड तास. तरीही फोर्डच्या सगळ्या वेस्टर्नपटांत मला हा वरचा वाटतो, आणि का वाटतो ते आज जरा सविस्तर लिहितो. मनात जे करायचं होतं त्याच्या सगळ्यांत जवळ गेलेल्या आपल्या मोजक्या सिनेमांत खुद्द फोर्डनेही पुढे याचं नाव घेतलं होतं. दिग्दर्शक स्वतःच्या कामाबद्दल जे बोलतात ते दरवेळी खरं धरायचं कारण नाही, पण इथे धरावं.

गोष्ट साधी आहे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा एक जथा युटामधल्या सान हुआन नदीच्या खोऱ्यात वस्ती करायला निघालाय. ज्या गावात ते मुक्कामाला आहेत त्या गावाला ते नकोसे झालेत. वाट माहीत नाही, म्हणून घोड्यांचा व्यापार करणारे ट्रॅव्हिस आणि सँडी हे दोन तरुण वाटाडे म्हणून सोबत घेतले जातात. वाटेत औषधं विकत गावोगाव खेळ करणारी एक मंडळी भेटते, त्यांनाही कुठल्यातरी गावाने हाकललेलं आहे आणि त्यांच्याजवळचं पाणी संपलंय. मग क्लेग नावाची दरोडेखोरांची टोळी तांड्याच्या मानगुटीवर बसते. मग नवाहो या मूळ अमेरिकी जमातीचे लोक भेटतात. शेवटी खोरं येतं.

या तांड्यात एक गाडी अशी आहे की तिच्यासाठी सगळे जीव टाकतील. तिच्यात बियाणं आहे. या लोकांनी आधी जाऊन जमीन तयार करायची, पेरायचं, म्हणजे मागून येणाऱ्या कुटुंबांच्या पोटात काहीतरी जाईल, असा हिशोब आहे. सोनं नाही, पैसा नाही, खजिन्याचा नकाशा नाही. दुष्काळात घरात खायला दाणा नसला तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, हे ज्यांनी आपल्या आजीकडून ऐकलंय त्यांना त्या गाडीचं मोल समजावून सांगावं लागणार नाही. शेवटाकडे टोळीचा म्होरक्या शायलो क्लेग नेमका त्याच गाडीवर उठतो. लोकांना मारायची धमकी तो आधीपासून देतच असतो, पण बियाण्यावर त्याची नजर गेली तेव्हा मला तो खरा दुष्ट वाटला. माणूस मारणारे खलनायक शेकड्याने पाहिलेत. पुढच्या वर्षीचं पीक मारायला निघालेला हा एकच आठवतो.

सिनेमात नायक कोण, हे सांगता येत नाही, आणि हीच त्याची ताकद आहे. ट्रॅव्हिस झालेला बेन जॉन्सन हा अस्सल काऊबॉय होता, पुढे १९५३मध्ये रोडिओत, म्हणजे काऊबॉयांच्या घोडेस्वारी-दोरफेकीच्या स्पर्धांत, जगज्जेता झाला. त्याला घोड्यावर बघणं हा स्वतंत्र आनंद आहे. नवाहो पाठीमागे लागलेले असताना तो उतारावरून जो घोडा सोडतो, तिथे कॅमेऱ्याला काही लपवायची गरजच पडत नाही. पण फोर्ड त्याला नायक होऊ देत नाही. तो कमी बोलतो, भांडण टाळतो, आणि गोळ्या झाडायची वेळ येते तेव्हा सगळं काही क्षणांत आटपतं. त्यानंतर तो बंदूक फेकून देतो. एवढ्या मोठ्या प्रसंगाला फोर्ड वेळही देत नाही. वेळ देतो तो कशाला? चालण्याला. गाडीशेजारून चालणाऱ्या बायका, त्यांच्या झग्यांच्या काठाला लागलेली धूळ, मध्येच पळणारा कुत्रा, चाकांचा खडखडाट, नदीत उतरताना बुजणारी जनावरं. वर 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या गायकांच्या चमूची गाणी. कथा पुढे सरकत नाहीये असं वाटतं, आणि ते खरंही आहे. तांडा मात्र पुढे सरकत असतो. ज्यांना हा सिनेमा 'संथ' वाटतो त्यांना मी एवढंच सांगेन की ही चाल तांड्याची आहे, ती घाईची असूच शकत नाही.

मॉर्मन तांड्याचा प्रमुख एल्डर विग्ज, त्याच्या भूमिकेत वॉर्ड बॉण्ड आहे. धर्मात येण्याआधी अंगात असलेला रांगडेपणा त्याच्या जिभेवरून पुरता गेलेला नाही, शिवी ओठांपर्यंत येते आणि तो ती गिळतो. मॉर्मन लोकांना शिंगं असतात, त्यांच्या बायकांची गणती नसते, असल्या अफवा तेव्हा गावागावांत होत्या. विग्ज ते सगळं स्वतःच बोलून दाखवतो, डोक्यावर हॅट असते ती शिंगं झाकायला म्हणून. हसू येतं, पण या हसण्यामागचा इतिहास भयंकर आहे. १८३८मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने या लोकांना राज्याबाहेर काढा नाहीतर नायनाट करा असा लेखी हुकूम काढला होता. १८४४मध्ये त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला जमावाने इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात घुसून मारलं. १८४६च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, त्यांनी नॉवू हे स्वतः वसवलेलं शहर सोडलं आणि १८४७च्या जुलैत आपला नवा पुढारी ब्रिगहॅम यंग याच्या मागोमाग ते आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. फोर्ड यातलं काही सांगत बसत नाही. पण विग्जच्या त्या बोलण्यात हे सगळं आहे.

बहुपत्नीत्वाचा प्रश्न मात्र सिनेमा त्या विनोदावरच मिटवतो, आणि ते मला खटकतं. ही प्रथा खरी होती, चर्चने ती अधिकृतपणे सोडली १८९०मध्ये. सिनेमातल्या त्या शेकोटीभोवती बसलेल्या बायकांत एकाच नवऱ्याच्या दोघी असत्या तर त्यांचं एकमेकींशी नातं कसं असतं, काम कसं वाटून घेतलं असतं? फोर्डसारखा दिग्दर्शक हे हळुवारपणे दाखवू शकला असता. त्याने वाटच बदलली.

नवाहोंचा प्रसंग मला या सिनेमाचा गाभा वाटतो. दोन्ही बाजू समोरासमोर येतात, सगळे ताठरलेले. मग नवाहो म्हणतात ते भाषांतर करून सांगितलं जातं : गोरे सगळे चोर, पण मॉर्मन जरा लहान चोर. विग्जला हे चालतं. रात्री नवाहो सगळ्यांना आपल्या तळावर बोलावतात आणि शेकोटीभोवती एकत्र नाच होतो. १९५०च्या हॉलिवूडमध्ये मूळ रहिवासी दिसले की गोळीबार ठरलेला असायचा, तिथे फोर्ड दोन जमातींना हातात हात घालून गोल फिरवतो. त्या नवाहोंमध्ये जिम थॉर्पही आहे. १९१२च्या ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेला आणि ती काढून घेतली गेलेला हा खेळाडू इथे एका छोट्या भूमिकेत उभा आहे. तो नवाहो नव्हता, सॅक अँड फॉक्स जमातीचा होता. एवढ्या मोठ्या माणसाला असल्या कामांवर दिवस काढावे लागले याची हळहळ वाटते.

'लहान चोर' हे शब्द कुठून आले ते समजायला थोडं मागे जावं लागतं. १८६४मध्ये अमेरिकी लष्कराने नवाहोंना त्यांच्या मुलखातून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोला नेऊन डांबलं. १८६८च्या करारानंतर ते परत आले. म्हणजे असा खरा तांडा १८७९मध्ये निघाला तेव्हा त्या पायपिटीतून वाचलेली माणसं हयात होती. घरातून हाकललेले दोन समाज तिथे समोरासमोर आहेत, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या मुलखात वस्ती करायला चाललाय. सिनेमा पहिली गोष्ट सुंदर दाखवतो, दुसरीला हात लावत नाही.

त्या नाचाच्या रात्री एक क्लेग एका नवाहो बाईवर हात टाकतो. विग्ज त्याला गाडीच्या चाकाला बांधून सगळ्यांसमोर फटके द्यायला लावतो. न्याय म्हणून, आणि शहाणपण म्हणूनही. फटके दिले नसते तर तांड्यावर काय वेळ आली असती हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मला हा प्रसंग कमालीचा ताकदीचा वाटतो. पण ज्या बाईवर हात टाकला तिला सिनेमा पुढे विसरतो. तिचा चेहरा, तिचं म्हणणं, काही नाही. तो दोष मी फोर्डला माफ करत नाही.

आता खऱ्या तांड्याबद्दल, कारण तो सिनेमाहून चित्तथरारक आहे. चर्चच्या सांगण्यावरून १८७९च्या हिवाळ्याच्या तोंडावर सुमारे अडीचशे माणसं ऐंशीएक गाड्या घेऊन दक्षिण युटामधून निघाली. सहा आठवड्यांचा अंदाज होता, सहा महिने लागले. दरोडेखोर नव्हते. शत्रू होता खडक. कोलोरॅडो नदीच्या काठावर येऊन पोहोचले तर समोर कडा, नदी हजारेक फूट खाली, आणि कड्यात एक चीर, जिच्यातून सुरुवातीला माणूसही नीट उतरू शकत नव्हता. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्यांनी ती चीर सुरुंग लावून रुंद केली. बेन पर्किन्स हा वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस, त्याला दगड फोडणं माहीत होतं. एका ठिकाणी फोडायलाही जागा नव्हती, तर त्यांनी कड्याला ओळीने भोकं पाडली, त्यांत ओकच्या मेखा ठोकल्या, वर ओंडके, झुडपं, दगड रचले आणि बाहेरच्या चाकाला हवेत रस्ता करून दिला. २६ जानेवारी १८८०ला पहिल्या गाड्या उतरल्या. चाकं साखळदंडांनी जखडलेली, मागे दोर धरून ओढ घेणारी माणसं.

शेवटची गाडी स्टॅनफर्ड स्मिथची. तो दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या उतरवत होता, आणि त्याची उतरायची वेळ आली तेव्हा वर मदतीला कुणी उरलं नव्हतं. त्याने आणि त्याच्या बायकोने, बेलने, तिन्ही मुलांना वर एका गोधडीवर बसवलं. गाडीच्या मागे घोडा बांधला, ओढ घ्यायला, आणि त्या घोड्याचा लगाम बेलने धरला. घोडा कोसळला, ती फरफटत खाली गेली, पायाला मोठी जखम झाली. खाली पोहोचल्यावर स्टॅनफर्ड परत वर चढून मुलांना घेऊन आला. त्या सबंध प्रवासात एकही माणूस दगावलं नाही, उलट वाटेत बाळं जन्मली.

फोर्डने ती चीर का घेतली नाही, असं मला दरवेळी वाटतं. सिनेमात शेवटी डोंगराच्या कडेने फावड्यांनी वाट कोरून गाड्या नेतात, तो प्रसंग या इतिहासाचं छोटं रूप आहे आणि तो मला आवडतोही. पण बेल स्मिथसारखी बाई हाताशी असताना क्लेग टोळीची गरज काय होती? टोळी काढून खडक ठेवला असता तर हा सिनेमा आणखी मोठा झाला असता, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि बियाण्याचं काय झालं? ६ एप्रिल १८८०ला ती माणसं आणि जनावरं इतकी थकली होती की ठरल्या ठिकाणापर्यंत न जाताच ती थांबली. तिथे ब्लफ हे गाव वसलं. सान हुआन नदीने त्यांना छळलं. पाट खणावा, तो वाळूने भरावा किंवा पुराने वाहून जावा, पुन्हा खणावा. शेतीवर भागेना तेव्हा ते गुराढोरांकडे वळले, कितीजण सोडून गेले. सिनेमातली माणसं खोरं बघून आनंदाने थांबतात तेव्हा त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही, आणि फोर्ड त्यांच्या पुढे जाऊन आपल्याला काही सांगत नाही. तो निर्णय मला पटतो.

ज्यांनी पाहिला असेल त्यांनी खाली जरूर लिहा. चाकाला बांधून फटके देण्याच्या प्रसंगाबद्दल तुमचं मत मला हवंय. विग्जने तो न्याय केला की सौदा, यावर माझ्या एका जवळच्या मित्राचं आणि माझं अजून जमलेलं नाही.