‘गोळी घेतलीस ना?’

आज संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही. पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

डोंबिवली, स्टेशनजवळचं मेडिकल, सातची गर्दी. माझ्यापुढे एक आजोबा. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. पिशवीतून रिकाम्या स्ट्रिपचा एक तुकडा काढून म्हणाले, "ही दे बाळा. प्रेशरची. पिवळी, बारीक असते बघ." काउंटरवरचा मुलगा असेल बावीस-तेवीसचा. तुकडा उलटासुलटा करून म्हणतो, "आजोबा, नाव सांगा, नाव. रंगावरून द्यायला साडी आहे का?" मागे दोघं-तिघं फिदीफिदी हसले. आजोबांनीही हसल्यासारखं केलं.

मी तो तुकडा मागून घेतला. चार गोळ्यांचा. त्यावर नाव नव्हतंच! मागच्या खेपेला याच दुकानातून सुट्या चार गोळ्या नेलेल्या, म्हणजे नावाची बाजू यांनीच कात्रीने कापून ठेवून घेतलेली. एक्स्पायरीही तिकडेच गेली. आणि आता म्हणे नाव सांगा.

मान्य, त्या पोराच्या मागे वीस गिऱ्हाईकं होती आणि त्याचा पगार काय असतो ते मला माहीत आहे. तरी हसायचं काय कारण?

मला आईच आठवली.

आई मिरजेला एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. प्रेशर, साखर, थायरॉईड, शिवाय गुडघे. गेल्या वर्षी एका संकष्टीला ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी कोसळली. दुपारचा एक वाजला असेल. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या म्हणून कळलं. अंगाला दरदरून घाम, जीभ जड, कुणालाच ओळखत नव्हती. वहिनी आशा वर्कर होत्या पूर्वी, त्यांनी गिळता येतंय का ते बघून चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. साखर निघाली ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो म्हणतात. रात्रभर ठेवून घेतलं, कारण तिच्या साखरेच्या गोळीचा अंमल लांबतो, एकदा साखर वर आणली तरी पुन्हा उतरते.

मी पहाटे पोचले आणि पहिलं वाक्य काय बोलले असेन? "अगं, गोळ्यांचा घोळ घातलास ना?"

घोळ घातला नव्हता. रोजची गोळी, रोजच्या वेळेला, बरोब्बर एकच घेतली होती. ग्लिमेपिराइड. ती पोटात गेली की शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा नाहीतर नसा. नाश्त्याबरोबर घ्यायची असते. आणि आईने त्या दिवशी बिनसाखरेच्या चहाशिवाय काही घेतलंच नव्हतं. चंद्रोदय रात्री साडेनऊच्या पुढे. डॉक्टर म्हणालेले, एकही दिवस गोळी चुकवायची नाही. तिने नाही चुकवली. चाळीस वर्षांची चतुर्थीही नाही चुकवली.

डॉक्टरांनी उपवासाचं विचारलं नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं. आता बाहेर साठ पेशंट बसलेले असताना डॉक्टर कुणाकुणाला उपवास विचारणार, हेही खरंच. पण आपल्याकडे चौऱ्याहत्तर वर्षांची बाई उपवास करत असणार हे काय विचारून कळायला लागतं का हो?

त्या आठवड्यात तिचा औषधांचा डबा ओट्यावर पालथा केला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत काय निघालं ऐका. प्रेशरच्या अॅम्लोडिपिनची एक स्ट्रिप, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली टेल्मिसार्टन-अॅम्लोडिपिन एकत्र असलेली दुसरी. नावं पार वेगळी, कंपन्या वेगळ्या, म्हणून दोन्ही चालू! त्या दुप्पट गोळीने पाय सुजू शकतात, पण पाय सुजायचे ते वयामुळे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पाच महिन्यांपूर्वी फोडलेले डोळ्यांचे थेंब, जे उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायचे असतात. गुडघ्यासाठी मावशीने दिलेली वेदनाशामक गोळी, जी प्रेशर वाढवते आणि किडनीलाही चांगली नाही. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम ती सकाळी एकाच घोटात घ्यायची. "एकदाच पाणी पिऊन होतं," म्हणाली. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हाच कळलं.

डॉक्टरांनो, चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहा, वाचता येईल असं लिहा, जमल्यास कॅपिटल अक्षरांत लिहा, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच केलाय. तुमच्या घरातली फाईल काढा आणि बघा किती चिठ्ठ्या वाचता येतात. २०२३ पासून ३०० ब्रँडांच्या पाकिटांवर क्यूआर कोडही आलाय म्हणे. छान. माझ्या आईला फोनवर हिरवं बटण कुठलं आणि लाल कुठलं यातच घाम फुटतो.

मी पण काही कमी शहाणी नाही. ऑनलाइन सात खणांची प्लास्टिकची डबी मागवून दिली. खणांवर इंग्रजी अक्षरं, त्यातले दोन एस, दोन टी. आईने आठवडाभर कौतुकाने ठेवली, पुढच्या खेपेला गेले तर त्यात लवंगा आणि वेलची! तिची स्वतःची पद्धत होती: सकाळच्या स्ट्रिपला एक रबरबँड, रात्रीच्याला दोन. वर्षानुवर्षं चाललेली, चोख. ती फसायची फक्त मेडिकलवाल्याने न सांगता कंपनी बदलली की. गुलाबी गोळी एकदम पांढरी व्हायची आणि ही दोन दिवस दोन्ही पांढऱ्या घेऊन बसायची.

आता डबी लवंगांनाच दिलीय. रबरबँड कायम. ओट्याशेजारी भिंतीवर एक कागद लावलाय, मराठीत, जाड स्केचपेनने: कुठली कशाची, केव्हा, जेवणाआधी की नंतर. प्रत्येक डॉक्टरकडे जाताना तो डबा अख्खा घेऊन जायचा, फाईल नंतर. आणि कालनिर्णयवर प्रत्येक चतुर्थीच्या चौकोनात लाल पेनाने ‘साखर’. उपवासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांनी तिला लिहून दिलंय. उपवास सोड म्हणायला मी गेले नाही. आमच्या घरात ते बोलायची कुणाची टाप नाही, ती स्वतःच म्हणाली, "साबुदाणा चालत असेल तर सकाळीच खाईन गं."

आता खरं सांगते, इतका वेळ मेडिकलवाल्यावर आणि डॉक्टरांवर बोलतेय ते कशासाठी. त्या चतुर्थीला सकाळी साडेसातला, लोकल पकडताना, मी तिला फोन केला होता. रोज करते. रोज एकच प्रश्न. "गोळी घेतलीस ना?"

"घेतली गं."

आणि मी खूश होऊन फोन ठेवला होता. लेक म्हणून माझं कर्तव्य झालं होतं ना! काय खाल्लंस, एवढं विचारायला आणखी किती सेकंद लागले असते?

आजोबांचं सांगायचं राहिलं. त्यांच्या घरी फोन लावला, सूनबाईंनी नाव सांगितलं, गोळी मिळाली. दुकानातल्या मुलाला म्हटलं, नावाची बाजू यांना दे, कापायचीच असेल तर तुझी बाजू काप. तोंड वाकडं केलं, पण दिली. वर आजोबा मलाच म्हणाले, "जाऊ दे गं पोरी, तोही बिचारा दमलाय."

उद्या संकष्टी आहे. साडेसातच्या आधी फोन करायचाय, ती चहाला बसायच्या आत.