प्रार्थना थोडक्यात आटपा म्हणे!

आज चर्चमध्ये नाताळ कमिटीची मीटिंग होती. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला जेमतेम सुरुवात केली, तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, जरा थोडक्यात, अजेंडा मोठा आहे." कुणालाच काही वाटलं नाही! पुढे मंडप, साउंड सिस्टिम आणि पुलाव की बिर्याणी यावर तासभर खल. त्याला वेळ होता.

माझी आई मिशन हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी करून सकाळी घरी आली की पांढरी साडी न बदलताच स्वयंपाकघरात पाटावर बसायची, मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. त्याला एक्सरेच्या खाकी पाकिटाचं कव्हर. आम्ही हाक मारली तर मान न वळवता नुसता तळहात वर करायची. चहा उतू गेला तरी तो हात खाली यायचा नाही.

आणि आपण? रविवारी उपासना, मग महिला मंडळ, घरोघरची कॉटेज प्रार्थना, क्वायरची तालीम, आता रोज रात्री कॅरलची फेरी. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर शास्त्रातल्या वचनाचं चित्र पुढे ढकललं की झालं! 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत सुरात बसेपर्यंत घोटतो, पण त्यातली एक ओळ तरी घरी एकटं बसून प्रभूला म्हणतो का? देवाच्या कामात देवालाच भेटायचं राहून जातंय.

"सेवा हीच प्रार्थना" असं आता कुणीतरी लिहील. बरं, असेल. पण बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा. येशूनं कफर्णहूम गावात शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी सभास्थानात शिकवलं, शिष्य शिमोनाच्या सासूचा ताप घालवला, संध्याकाळी सगळं गाव दारात. एवढं काम आपल्यात कुणाला आहे? आणि तोच येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला. शिमोन शोधत आला, सगळे तुला शोधताहेत म्हणाला, तरी प्रभू मागे फिरला नाही. कामं उरकून प्रार्थनेला बसला नाही तो. पाळकसाहेबांना मी मेसेज टाकलाय, पुढच्या मीटिंगला पहिला अर्धा तास फक्त प्रार्थना. ज्यांना घाई आहे त्यांनी अर्धा तास उशिरा यावं.

लिहिता लिहिता राग उतरला. आई वॉर्डातल्या पेशंटांची नावं घेऊन प्रार्थना करायची. कधी एखाद्याच्या घरच्यांसाठी मागताना आवाज अडकायचा, तेव्हा आम्हाला कळायचं, रात्री तो माणूस गेला.

लहान लेकरं असलेल्या बायकांना हे सोपं नाही, मान्य. पण आईचा हात वर असायचा तेव्हा बाबा आमच्या वेण्या घालत असायचे. वाकड्यातिकड्या, पण घालायचे. तिला वेळ मिळाला तो असा. तेव्हा भावांनो, बायको सकाळी शास्त्र उघडून बसली तर "चहा झाला का?" म्हणून विचारू नका. स्वयंपाक येत नसेल तर निदान लेकरांना आंघोळ घाला, त्यांची दप्तरं भरा.