डिस्ट्रिब्युटर फिरवून थरथर जात नाही

पद्मिनी, अँबेसेडर अशा पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जुन्या गाड्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फिरतोय: "गाडी स्लोला थरथरते, टायमिंग हलतं? डिस्ट्रिब्युटर किंचित ॲडव्हान्सला फिरवा, स्लोचा स्क्रू आत घेऊन स्लो वाढवा. नाहीच थांबलं तर कार्बोरेटर खोला." (डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, स्लो म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग, टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ आणि ॲडव्हान्स म्हणजे ती लवकर पाडणं.) मूळ दुखणं यातून सुटत नाही, उलट झाकलं जातं.

"डिस्ट्रिब्युटर फिरवा." त्याने ठिणगीची वेळ पुढे-मागे सरकते, एवढंच. ती दर फेरीला वेगळी पडत असेल, तर फिरवल्यावरही वेगळीच पडणार. आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर (आतला फिरता तुकडा) काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. खेळ जाणवला तर बुश (शाफ्टला धरणारी कडी) झिजलंय. शाफ्ट डगमगला की पॉइंटचा गॅप बदलतो आणि गॅपबरोबर टायमिंग. ड्वेलमधला (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) १ अंश म्हणजे क्रँकवर (इंजिनचा मुख्य दांडा) टायमिंगचा साधारण १ अंश. ड्वेल मीटर लावून इंजिन स्लोपासून २००० आरपीएमपर्यंत न्या. फरक ३ अंशांपेक्षा जास्त आला तर बुश बदलावंच लागेल.

मीटर नसेल तर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) आधी १ नंबर सिलिंडरच्या वायरवर लावा, मग ४ नंबरच्या. दोन्ही वेळा पुलीची खूण एकाच जागी दिसायला हवी. जागा वेगळ्या दिसल्या तर दोष शाफ्टमध्ये किंवा त्यावरच्या कॅममध्ये (पॉइंट उघडणारे उंचवटे). दोन्हीकडे खूण सारखीच नाचत असेल तर टायमिंग चेन बघा: इंजिन बंद ठेवून क्रँक पान्याने पुढे-मागे हलवा आणि रोटर किती उशिरा हलतो ते पाहा. बेस प्लेटची (पॉइंट ज्यावर बसतात ती) अर्थ वायरही तपासा. आतून तुटलेली वायर प्लेट हलली की करंट तोडते आणि गाडी मिसिंग मारते.

पॉइंट खड्डे पडलेले असतील तर नवे टाका. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) उंचवट्यावर टेकतो, खरा गॅप जास्तच राहतो. मॅन्युअलप्रमाणे गॅप (०.४ मिमीच्या आसपास) लावल्यावरच टायमिंग करा, कारण गॅप वाढला की टायमिंग ॲडव्हान्स होतं. जुना कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा भाग) चालत असेल तर तो उगाच बदलू नका. स्वस्तातले नवे पुष्कळदा लवकर जातात.

"स्लो वाढवा." हा सर्वांत घातक भाग. सेंट्रिफ्युगल वजनांच्या (वेग वाढला की उघडून ठिणगी लवकर पाडणारी) स्प्रिंगा ढिल्या असतील तर वजनं स्लोलाच उघडू लागतात. वेग वाढला की ॲडव्हान्स वाढतो, त्याने वेग आणखी वाढतो, आणि गाडी वर-खाली करत राहते. या वाढवलेल्या वेगावर लावलेलं टायमिंग प्रत्यक्षात मागे राहतं. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारा भाग) नळी काढून बुजवा, वेग मॅन्युअलइतका खाली आणा आणि मगच लाइट धरा.

"कार्बोरेटर खोला." आधी हवा कुठून ओढली जातेय ते शोधा. मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारी नळी) गॅस्केटवर आणि थ्रॉटलच्या शाफ्टवर पाण्याचा बारीक फवारा मारा, वायरिंगपासून लांब. आवाज बदलला तर गळती तिथेच. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी तोंडाने ओढा: प्लेट सरकून तिथेच टिकली पाहिजे, परत आली तर डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलाय. मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू या सगळ्यानंतर, इंजिन पुरतं गरम असताना.