मत पटलं नाही म्हणून मार्क कापायचे?

नेरुळला माझी भाची बीएस्सी नर्सिंग करते. तिने असाइनमेंटमध्ये लिहिलं की बरं होण्याची आशाच नसेल आणि पेशंटने तसं आधी लिहून ठेवलं असेल तर व्हेंटिलेटर काढणं योग्य आहे. मॅडमनी शेरा मारला, 'नर्सचं काम जीव वाचवणं', आणि मार्क कापले. आमच्या ठाण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर यावरून जोरदार वाद झाला, त्यातली एक स्वतः नर्सिंगला शिकवते, ती म्हणाली मॅडमचं बरोबरच आहे, एथिक्स म्हणजे शेवटी संस्कारच ना.

मला हे अजिबात पटत नाही. अरुणा शानबाग, म्हणजे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स, ज्या हल्ल्यानंतर कित्येक वर्षं तिथेच अंथरुणाला खिळून होत्या, त्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2011 ला पॅसिव्ह युथनेशियाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवायला, अटी घालून परवानगी दिली, 2018 ला दुसऱ्या एका केसमध्ये लिव्हिंग विल, म्हणजे पेशंटने आधी लिहून ठेवलेली इच्छा, मान्य केलं, म्हणजे पोरीने कायद्याबाहेरचं काहीच लिहिलं नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाची मंजुरी लागते हे तिने लिहिलं नाही म्हणून मार्क कापले असते तर मान्य होतं. आणि अरुणाताईंच्याच केसमध्ये केईएमच्या नर्सेस, ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षं भरवलं, कुशीवर वळवलं, अंगाला बेडसोर होऊ दिला नाही, त्यांचा ठाम विरोध होता. त्यांनी हाच निबंध उलट बाजूने लिहिला असता तर त्यांनाही तेवढेच मार्क मिळायला हवेत.

मी इकडे इंग्लंडमध्ये वॉर्डवर स्टुडंट नर्सेसचं असेसमेंट करते. इथे 1967 च्या अबॉर्शन ॲक्टप्रमाणे नर्स गर्भपातात भाग घ्यायला नकार देऊ शकते, पण बाईचा जीव धोक्यात असेल तर नाही. त्यामुळे एखादीने लिहिलं की मला हे पटत नाही, तर मी एवढंच बघते की तिने सिनियरला सांगितलं का, पेशंटला कोणाच्या हाती सोपवलं. ते नीट लिहिलं असेल तर मार्क. पण त्या बाईला बेडशेजारी उभं राहून लेक्चर दिलं असं लिहिलं तर नापास, कारण तिथे प्रश्न मताचा नाही, पेशंटचा आहे.

इकडे सगळं छान आहे असं नाही हं. रिफ्लेक्शनच्या, म्हणजे स्वतःच्या अनुभवावर विचार करून लिहायच्या, निबंधात मुलं असेसरला आवडेल तेच लिहितात, 'मला वाईट वाटलं, मी खूप शिकले', वाचताना खरंच त्रास होतो.

आपल्याकडे तर इंटर्नल मार्क देणाऱ्या मॅडम रोज समोर, कोण कशी विचार करते ते त्यांना पाठ असतं. युनिव्हर्सिटीच्या पेपरवर नाव नसतं, सीट नंबर असतो, मग असाइनमेंटवर का नको, आणि कशाला किती मार्क हे मुलांना आधीच लेखी द्यायला काय हरकत आहे?