छत्तिसावा दिवस

दारू श्रद्धेने सुटते की उपचाराने, यावर पुण्यातल्या आमच्या मित्रमंडळींत सध्या जुंपली आहे. एक गट म्हणतो माळ घाला, वारी धरा. दुसरा म्हणतो हा आजार आहे, डॉक्टर गाठा. मी राहतो ओहायोतल्या अ‍ॅक्रनला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ मध्ये याच गावात सुरू झाली. संस्थापकांपैकी डॉ. बॉब स्मिथ स्वतः सर्जन. डॉक्टरकी असून त्यांची सुटत नव्हती. बिल विल्सन हा नुकतीच दारू सोडलेला माणूस समोर येऊन बसला, तेव्हा सुटली. दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ज्याला जसा उमगेल तसा. मला तरी श्रद्धा आणि उपचार यांत भांडण दिसत नाही.

मला काळजी आहे ती छपराची. इथल्या एका चर्चच्या तळघरात मी जेवण वाढायला जातो. रांगेतला एकजण खिशातलं नाणं सतत चोळत असतो. वर्षभर न प्यायल्याबद्दल मिळालेलं, कडा पार गुळगुळीत झालेल्या. देव आहे, ग्रुप आहे, आणि झोपायला गाडीचं मागचं सीट. इथले कित्येक निवारे आधी दारू सोड, मग खाट घे म्हणतात. फिनलंडने २००८ पासून उलट धोरण धरलं: आधी घराची किल्ली, बाकीचं नंतर. मला तेच पटतं.

येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलं. ३५ दिवस तिथे राहायचं, पुढे फॉलोअप, पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट. किती संसार त्यातून सावरले! पण ज्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, भावाने दार लावलं, जो पुणे स्टेशनबाहेर झोपत होता, त्याने छत्तिसाव्या दिवशी जायचं कुठे? खोली बघायला गेला तर डिपॉझिट, भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन. गुत्त्यावर मात्र कुणी काही विचारत नाही.

माळ टिकते, कारण दिंडी सोबत असते. पंगतीला माणूस दिसला नाही तर शोधाशोध होते. पालख्या नाना पेठेत, भवानी पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा याच पुण्यातली घरं अनोळखी माऊलींना जेवू घालतात, ओसरीवर झोपवतात. वारीतले दोन दिवस जमतं, तर आपल्या मंडळांनी मिळून वर्षभरासाठी चार खोल्या भाड्याने घ्याव्यात. उपचार संपवून येणाऱ्याला डिपॉझिट न मागता द्याव्यात. तो घसरला तरी कुलूप बदलू नये, आणि रोज संध्याकाळी कुणीतरी त्याच्यासोबत जेवायला बसावं. पहिल्या खोलीच्या भाड्याची पावती माझ्या नावावर फाडा.