मेश बारीक केली म्हणून उत्तर खरं होत नाही

"मेश बारीक करत जा, उत्तर आपोआप खरं होत जातं." फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तू लहान तुकड्यांत (एलिमेंटमध्ये) विभागून तिच्यातला ताण संगणकावर काढतात; त्या तुकड्यांची जाळी म्हणजे मेश. ही पद्धत शिकणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो. त्याच्यासोबत येणारी तिन्ही कारणं तपासायला हवीत.

पहिलं : 'एलिमेंट जितका लहान, ताण तितका अचूक.' एल आकाराचा ब्रॅकेट घ्या आणि आतला ९० अंशांचा कोपरा टोकदारच ठेवा. एलिमेंटचा आकार निम्मा केला की तिथला ताण (दर क्षेत्रफळावर येणारं आतलं बल) साधारण ३७ टक्क्यांनी वाढतो, पुन्हा निम्मा केला की पुन्हा तेवढाच. तो थांबणार नाही, कारण रेषीय गणितात (जिथे ताण विकृतीच्या प्रमाणात धरतात) त्या बिंदूवरचा ताण अनंतच आहे. विस्थापन (बिंदू जागचे किती सरकले ते) मात्र स्थिरावतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. खऱ्या ब्रॅकेटला तिथे गोलाई असते. ती मॉडेलमध्ये द्या, मग ताणही स्थिरावेल.

दुसरं : 'मटेरियल कुठलंही असो, नियम तोच.' मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. काँक्रीट तडकू लागलं की त्याची ताण पेलण्याची ताकद उतरत जाते. साध्या मॉडेलमध्ये ही सगळी पडझड एलिमेंटच्या एकाच रांगेत साचते. रांग अरुंद केली की तडा पडायला लागणारी ऊर्जा घटते, आणि मेश बारीक होत जाईल तशी ती शून्याकडे जाते. म्हणजे काँक्रीट तेच, पण संगणकावर अधिकाधिक ठिसूळ! बझान्त आणि ओह या संशोधकांनी १९८३ मध्ये यावर क्रॅक बँडचा (तड्याच्या पट्ट्याचा) मार्ग मांडला : तडा पडायला लागणारी ही ऊर्जा, म्हणजे फ्रॅक्चर ऊर्जा, कायम धरायची आणि एलिमेंटच्या रुंदीनुसार ताकद उतरण्याचा वक्र बदलायचा. (रबरात तर साधे एलिमेंट आखडून बसतात, म्हणजे खऱ्यापेक्षा फार ताठ वागतात; तिथे एलिमेंटचा प्रकारच बदलावा लागतो.)

तिसरं : 'स्लेइप्नर बुडालं ते जाड मेशमुळेच.' यात तथ्य आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लेइप्नर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला. जाड आणि वेड्यावाकड्या एलिमेंटमुळे त्याच्या भिंतीतला कातर ताण (भिंतीचे भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) ४७ टक्के कमी निघाला होता. पण त्याच जागी सळयांची टोकंही काँक्रीटमध्ये पुरेशी रुतवलेली नव्हती, आणि ती उणीव कुठल्याही मेशमध्ये दिसली नसती. शिवाय ६५ मीटर पाण्याखाली दर चौरस मीटरवर सुमारे ६५ टन दाब येतो. तो भिंतीच्या गाळ्याने (दोन आधारांमधल्या अंतराने) गुणून दोन टोकांना वाटला की कातर बलाचा ढोबळ आकडा हातात येतो. कागदावरचं हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि मेश जाड असो वा बारीक, ते आधी करायचं असतं.